दिव्यांग मुलाला नेहमीच्या शाळेत घालायचं का? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवते, मी शिक्षिका नाही, डॉक्टर नाही, वकील तर अजिबात नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे, दोन वर्षं विशेष शाळेत होता आणि त्यानंतर नेहमीच्या मराठी शाळेत, आणि या सगळ्या भानगडीत इतके अर्ज केले, इतके जीआर वाचले आणि इतक्या मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर बसले की आता तालुक्यात कुणाच्या मुलाचं असं काही निघालं की फोन मलाच येतो. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाचं लिहून काढलं. मधेमधे माझं मत घुसलंय, गोड मानून घ्या.

समावेशित शिक्षण, एकात्म शिक्षण, विशेष शिक्षण... सगळं एकच ना?

नाही, आणि गोंधळ तुमचा एकट्याचा नाही, शाळाही तोच घालतात. विशेष शाळा म्हणजे फक्त दिव्यांग मुलांची वेगळी शाळा. एकात्म म्हणजे मूल नेहमीच्या शाळेत येतं पण शाळा होती तशीच राहते, जमवून मुलाने घ्यायचं, नाही जमलं तर दोष मुलाचा. केंद्र सरकारची १९७४ ची योजना साधारण याच धर्तीची होती. समावेशित म्हणजे बदलायचं शाळेने, बसायची जागा, शिकवायची पद्धत, पेपर, संडास, सगळं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्याख्याच तशी आहे, की दिव्यांग आणि बाकीची मुलं एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत वेगवेगळ्या मुलांच्या गरजेप्रमाणे जुळवून घेतली जाईल. आता आपल्याकडे होतं काय, कागदावर समावेशित असतं आणि वर्गात एकात्म चाललेलं असतं, मग लोक म्हणतात बघा समावेशन फेल गेलं. अहो ते सुरूच कुठे झालं होतं.

शाळा म्हणते आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे बघा. असं म्हणता येतं का?

नाही. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, २०१२ च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांग मुलांना वंचित घटकात घातलं, आणि २०१६ च्या कायद्याने तर सरकारी, अनुदानित, मान्यताप्राप्त सगळ्याच शाळांना सांगितलंय की भेदभाव न करता प्रवेश द्या आणि वाजवी सोयीसुविधा, म्हणजे त्या मुलाला गरज असेल तसे बदल, करून द्या. सोय नाही हे कारण नाही, सोय करणं हेच तर काम दिलंय.

पण तोंडावर "देत नाही" असं कुणीच म्हणत नाही हो. "जागा भरल्या." "ट्रस्टींना विचारून सांगतो." "तुमच्याच मुलाच्या भल्यासाठी सांगतोय ताई, इथे त्याचे हाल होतील." हे शेवटचं सगळ्यात डेंजर, कारण ते ऐकून आपणच गप्प होतो. मला एका शाळेत चहा पाजून, मुलाला चॉकलेट देऊन, वीस मिनिटं प्रेमाने बोलून परत पाठवलं होतं, आणि मी गेटबाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याला नाही म्हटलंय.

यावर उपाय एकच, अर्ज लेखी द्यायचा आणि दुसऱ्या कॉपीवर आवक क्रमांक टाकून सही-शिक्का घ्यायचा. नकार द्यायचा तर तोही लेखी द्या म्हणायचं. ऐंशी टक्के माणसं इथेच नरमतात (हा टक्का माझ्या अनुभवाचा, कुठे छापलेला नाही).

सर्टिफिकेट काढणं गरजेचं आहे का? शिक्का बसेल अशी भीती वाटते.

शिक्का समाज तसाही मारतोच, सर्टिफिकेट निदान उपयोगाला येतं. आता यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, निघतं, ऑनलाइन अर्ज करायचा आणि सिव्हिल हॉस्पिटलला किंवा मेडिकल बोर्ड असेल तिथे तपासणीला जायचं. कार्डावरच्या पट्टीचा रंग दिव्यांगत्वाच्या टक्क्याप्रमाणे असतो, ४० च्या आत पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्याच्या वर निळा. आमच्या बोर्डच्या दिवशी सकाळी आठला नंबर लावला होता, आत गेलो दीड वाजता, आणि साडेपाच तास गर्दीत काढलेला ऑटिस्टिक मुलगा आत जाऊन जे काही करेल तेच त्याने केलं, डॉक्टर म्हणाले "हं, दिसतंय". त्यामुळे जाताना खाऊ, पाणी, हेडफोन, सगळं घेऊन जा.

४० टक्के हा आकडा महत्त्वाचा का, तर ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा जो हक्क २०१६ च्या कायद्यात आहे तो ४० आणि त्यावरच्या मुलांसाठी आहे. खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव आरटीई जागांनाही हेच सर्टिफिकेट लागतं, आणि तिथे दिव्यांग मूल वंचित गटात येत असल्याने उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे अजून कित्येकांना माहीत नसतं आणि लोक उगाच तहसील कचेरीत खेटे घालतात. ४० च्या खाली आलं तर २०१६ च्या कायद्यातला हा मोफतचा हक्क लागू होत नाही पण भेदभाव करायचा नाही, सोयी द्यायच्या, हे शाळेवर बंधनकारक राहतंच.

सरळ सांगा, विशेष शाळा चांगली की नेहमीची?

फोनवर सगळे इथेच येतात. आणि मी सरळ उत्तर देत नाही म्हणून काहीजण नाराज होतात.

आमचं सांगते. विशेष शाळेत वर्गात नऊ मुलं होती, बाई ट्रेनिंग घेतलेल्या, त्यांनी दीड वर्षात जे केलं ते मला जन्मात जमलं नसतं. शर्टची बटणं लावणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, हवंय नकोय हे चित्राच्या कार्डावर बोट ठेवून सांगणं, हे सगळं तिथलं. पण घरापासून अठ्ठावीस किलोमीटर, रिक्षा आणि एसटी मिळून येऊन जाऊन तीन तास, आणि आमच्या गल्लीतलं एकही पोर त्याला नावाने ओळखत नव्हतं. क्रिकेट खेळताना बॉल आमच्या अंगणात आला तर "त्या वेड्याच्या घरात गेला" असं म्हणायचे. वाईट पोरं नव्हती ती, त्यांना दुसरं नावच माहीत नव्हतं.

मग नेहमीच्या शाळेत टाकला. पहिले तीन महिने तो नुसता बसून असायचा. शेवटचा बाक, खिडकीची कडा, वहीत काही नाही. बाई म्हणायच्या "काही त्रास देत नाही हो, शांत असतो". हे "त्रास देत नाही" ऐकून आधी बरं वाटायचं, नंतर कळलं की हीच तर गोची आहे, पटावर हजेरी लागते, खिचडी मिळते, आणि शिकणं शून्य. विशेष शाळेच्या बाजूने बोलणारे लोक नेमकं हेच सांगत असतात आणि ते खोटं नाही.

बदल झाला तो एका घंटेवरून. शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर हातोडा मारायचे, आणि हा दर तासाला कानावर हात ठेवून बाकाखाली जायचा, वर यायला दहा मिनिटं, तेवढ्यात पुढचा तास अर्धा संपलेला. मी गेले होते भांडायला. मुख्याध्यापकांच्या आधी शिपाईमामा भेटले, ते म्हणाले मी वाजवायच्या आधी खिडकीतून त्याला हात दाखवत जाईन. एवढंच. दुसऱ्या आठवड्यापासून हा मामांचा हात दिसला की स्वतःच कान झाकायचा, घंटा झाली की हात काढायचा आणि वही उघडायचा. खर्च शून्य रुपये. जीआरमध्ये याला वाजवी सोयीसुविधा म्हणतात, मामांना तो शब्द आजही माहीत नाही.

तर माझं उत्तर असं की शाळेची पाटी बघू नका, मूल अकरा ते पाच काय करतं ते बघा. आठवडाभर वह्या तपासा, घरी आल्यावर कुणाचं नाव घेतं का बघा, मधल्या सुट्टीत एक दिवस न सांगता जाऊन लांबून उभ्या राहा. जिथे शिकतंय आणि माणसात आहे ती शाळा. दोन्हीपैकी एकच मिळत असेल तर... तिथे मी गप्प बसते, कारण प्रत्येकाचं मूल वेगळं. आम्ही "माणसात" निवडलं आणि शिकण्यासाठी संध्याकाळी घरी मान मोडून बसलो.

बाकीच्या मुलांचं नुकसान होतं त्याचं काय? माझी मुलगी अशा वर्गात आहे, तिचा अभ्यास मागे पडतो.

हा प्रश्न विचारणाऱ्या आयांवर चिडायचं मी सोडून दिलंय. समजा वर्गात ४८ मुलं, एक बाई, आणि एक मूल मधेच ओरडत उठतं, तर हो, त्या दिवशी गणिताचा तास जातो. हे नाकारून काय मिळणार. पण मग हिशोब नीट करूया ना, आरटीई कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मागे एक लिहिलेलं आहे, तुमच्या मुलीच्या वर्गात ४८ कशी? तिचा तास ज्याने खाल्ला तो माझा मुलगा की न भरलेली जागा? भांडायचं तर आपण दोघींनी मिळून भांडायला पाहिजे, आणि होतं काय की पालकसभेत आपणच एकमेकींकडे तिरकं बघत बसतो.

आणि एक. हळू शिकणाऱ्या मुलासाठी बाईंनी जे केलं, म्हणजे फळ्यावर पायऱ्या पाडून गणित, चित्रं, एकेक सूचना सुटी सुटी देणं, त्याचा फायदा वर्गातल्या अजून दहा जणांना झाला ज्यांच्याकडे कसलंच सर्टिफिकेट नाही. हे मला त्याच शाळेतल्या एका आईने सांगितलं, मी नाही शोधून काढलं.

शिक्षकांचा एवढा विरोध का असतो?

विरोध कमी आणि घाबरणं जास्त, असं माझं मत. डीएडला या विषयाची जेमतेम तोंडओळख होते, नंतर एखादं प्रशिक्षण, त्यात प्रोजेक्टर, चहा आणि फोटो, आणि मग वर्गात एकदम सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी असलेलं) मूल. त्यात निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशोब, रोज नवीन लिंक भरा. एका गुरुजींनी मला तोंडावर विचारलं, "ताई, फिट आली तर मी त्याला धरू की बाकीच्या एकेचाळिसांना?" काय उत्तर देणार.

खरं म्हणजे यासाठीच विशेष शिक्षक असतात, समग्र शिक्षा योजनेत, गटसाधन केंद्रावर. पण एकेकाकडे डझनावारी शाळा, मोटारसायकलवर फिरायचं, एका शाळेत महिन्यातून एखादी चक्कर झाली तरी नशीब, आणि स्वतः वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेले. आमच्याकडे यायचे ते सर माणूस म्हणून सोनं, पण येणार बुधवारी अकराला आणि साडेबाराला पुढच्या गावाला पळणार. दीड तासात मुलाबरोबर बसायचं, बाईंना समजवायचं, रजिस्टर भरायचं की फोटो अपलोड करायचा?

सुप्रीम कोर्टात हा विषय गेला होता. ऑक्टोबर २०२१ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की नेहमीच्या शाळांमध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवा आणि पदं निर्माण करा. त्यातून प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मागे एक असं प्रमाण ठरलं. मार्च २०२५ मध्ये कोर्टाला पुन्हा सगळ्या राज्यांना बजावावं लागलं की पदं मंजूर करा, जाहिरात काढा, आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करणाऱ्या पात्र लोकांची छाननी करून त्यांचं काय ते बघा. हे सगळं झाल्याशिवाय "समावेशन योग्य की अयोग्य" यावर परिसंवाद घेणं म्हणजे तेल-मीठ न घालता भाजी करायची आणि मग भाजी ही गोष्टच वाईट म्हणायचं.

विशेष शाळा बंद करणार आहेत म्हणे?

तसं काही कायद्यात नाही. २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांवरच्या मुलाला जवळची नेहमीची शाळा किंवा विशेष शाळा, आपल्या पसंतीची, असं स्पष्ट आहे, आणि २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही या कायद्याला धरूनच बोलतं.

भीती कुठून येते ते समजतं. १९९४ ला स्पेनमध्ये सालामांका इथे ९२ देशांची सरकारं जमली आणि नेहमीच्या शाळेतच सगळ्यांना घ्या असं ठरलं, नंतर संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार आला, भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली, आणि इटलीने तर त्याच्या खूप आधी, १९७७ मध्येच कायदा करून वेगळे वर्ग मोडीत काढले. पण इटलीने नुसते वर्ग बंद नाही केले, नेहमीच्या वर्गात मदतनीस शिक्षक दिला. आपले लोक पहिलं अर्धं वाक्य ऐकून येतात.

आपल्याकडे विशेष शाळांची परंपरा फार जुनी आहे. दादरची अंध मुलींची शाळा १९०० मध्ये ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी सुरू केली, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली मुंबईत येत होत्या तेव्हाची गोष्ट. त्या काळी कुठलीही नेहमीची शाळा या मुलींना दारात उभं करत नव्हती, तेव्हा वेगळी शाळा हीच क्रांती होती. मुंबईतच १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी, सुरुवात विशेष शाळेपासून आणि पुढे त्याच समावेशनाच्या मोठ्या पुरस्कर्त्या झाल्या. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजू आल्या, मग आपण कशाला दोन पार्ट्या पाडून भांडायचं.

मला वाटतं विशेष शाळांमधल्या बाईंचं ज्ञान नेहमीच्या शाळेपर्यंत पोचायला हवं, तिथले शिक्षक आठवड्यातून दोन दिवस आमच्या शाळेत आले तर किती काम होईल. पण नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, हा विभाग महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला त्याचं कौतुकच आहे, पण एका खात्याची फाईल दुसऱ्या खात्यात जाईपर्यंत मूल दहावी होतं.

माझी मुलगी कर्णबधिर आहे. तिलाही नेहमीच्याच शाळेत घालू?

थांबा. इथे मी माझंच बोलणं मागे घेते, कारण एका कर्णबधिर ताईने (ती आता नोकरी करते, आम्ही मेसेजवर बोलतो) मला चांगलं झापलं होतं. मी तिला समावेशनाचे फायदे सांगत होते, तिने लिहिलं, "चाळीस मुलांत बसून मी बारा वर्षं ओठ बघत होते, बाई फळ्याकडे वळल्या की माझा वर्ग संपायचा."

कर्णबधिर समाजाचं म्हणणं असं की आमचा प्रश्न भाषेचा आहे. सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिचं व्याकरण आहे, आणि भाषा माणसात राहूनच येते, त्यामुळे एका गावात एकच कर्णबधिर मूल ऐकणाऱ्या वर्गात टाकलं तर कागदावर समावेशन आणि प्रत्यक्षात एकांतवास. याला इतिहास पण आहे, १८८० ला मिलानच्या परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षकांनी ठरवलं की खुणा बंद, बोलायलाच शिकवायचं, आणि ती लाट जगभर पसरली, आपल्याकडेही कितीतरी शाळांत हात बांधून ठेवल्यासारखं मुलांना वाढवलं. संयुक्त राष्ट्रांच्या करारातही अंध, कर्णबधिर आणि दोन्ही असलेल्या मुलांसाठी त्यांना योग्य त्या भाषेत आणि योग्य त्या वातावरणात शिक्षण द्या असं वेगळं लिहिलंय. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये केंद्र झालं, २०२० च्या धोरणातही तिचा उल्लेख आहे, पण तालुक्याच्या शाळेत ती येणारा एक तरी माणूस आहे का ते बघा.

लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालं असेल, वाचा चांगली आली असेल, तर नेहमीची शाळा छान जमते अशी मुलं मी बघितलीत. नसेल तर जिथे सांकेतिक भाषा येणारी माणसं आहेत ती शाळा आधी बघा. आणि निवासी असेल तर सुट्टीत घरच्यांनी भाषा शिका हो, पोरगी घरी येते आणि कुणाशी बोलताच येत नाही, ही फार वाईट गोष्ट असते.

आणि अंध मुलांचं?

बरेचजण मधला रस्ता घेतात, सुरुवातीची वर्षं अंधशाळेत ब्रेल, काठी, स्वतःचं स्वतः करणं पक्कं, मग नेहमीच्या हायस्कूलात. नेहमीच्या शाळेत पहिलीपासून घालायचं असेल तर ब्रेल शिकवायला कोण येणार आणि आठवड्यातून किती दिवस हे प्रवेशाआधी विचारा. "मोबाईलवर ऐकून शिकेल" हे उत्तर घेऊ नका, ऐकून शुद्धलेखन येत नाही.

शाळा म्हणते शॅडो टीचर तुम्ही आणा आणि पगार तुम्ही द्या. बरोबर आहे का?

शॅडो टीचर म्हणजे वर्गात फक्त त्या एका मुलाबरोबर बसणारा मदतनीस. बरोबर नाही पण शहरात सर्रास चालतं. सोय करणं शाळेचं काम, ते पालकांच्या खिशावर टाकलं की समावेशन फक्त पैसेवाल्यांचं होतं. मुंबई-पुण्यात काही घरांत शॅडोचा पगार शाळेच्या फीपेक्षा जास्त जातो. आमच्या तालुक्यात शॅडो टीचर म्हणजे आई. वर्गाबाहेर पायरीवर बसलेली.

शॅडो ठेवलाच तर एक लक्षात ठेवा, तो मुलाच्या आणि वर्गाच्या मधे भिंत होऊ नये. मी एक वर्ग बघितलाय जिथे बाई त्या मुलाशी थेट बोलायच्याच नाहीत, शॅडोला म्हणायच्या "त्याला सांगा पुस्तक काढ".

परीक्षेतल्या सवलतींवरून लोक टोमणे मारतात, फुकटचे मार्क म्हणतात.

चष्मा लावून पेपर देणाऱ्याला फुकटचे मार्क म्हणतो का आपण? दर तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक (मूल सांगेल ते लिहिणारा), काही मुलांना एखाद्या भाषेतून सूट किंवा कॅल्क्युलेटर, अशा सवलती आहेत. अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) वगैरे, हे देशाच्या कायद्यात २०१६ मध्ये आलं (जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, नव्यात २१), पण महाराष्ट्राने या मुलांना सवलती १९९६ पासूनच द्यायला सुरुवात केली होती, मुंबईत सायन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी तपासणी होते. खोटी सर्टिफिकेटं काढणारे असतात, नाही म्हणत नाही, त्यांच्यामुळे खऱ्या मुलांकडे संशयाने बघितलं जातं आणि मला त्यांचा भयंकर राग आहे.

दहावीची तयारी नववीत सुरू करा. सवलतीचं प्रकरण शाळेमार्फत बोर्डाकडे जातं, आणि फेब्रुवारीत धावपळ केली की लेखनिक मिळत नाही.

शाळा म्हणते मूल घरीच ठेवा, विशेष शिक्षक घरी येतील.

घरी शिक्षणाची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीत आहे, पण ती बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आणि ती निवड पालकांची, शाळेची सोय म्हणून नाही. अंथरुणाला खिळलेल्या मुलांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. पण काही ठिकाणी नाव पटावर, मूल घरात, शिक्षक महिन्यातून एकदा सही घ्यायला, असं चालतं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयाच्या दिव्यांग मुलांपैकी साधारण २७ टक्के शाळेत कधी गेलेलीच नव्हती, तशा मुलांची नावं आता पटावर चढली एवढाच फरक व्हायला नको.

शाळेत रॅम्प आहे, मग झालं ना?

रॅम्पवर स्वतः व्हीलचेअर ढकलून बघा. उतार १:१२ हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमच्या शाळेचा रॅम्प तीन पायऱ्यांच्या जागेत बसवलाय, मधल्या सुट्टीत पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात. वर चढलात तरी संडासाच्या दाराला नऊ इंचाचा उंबरा. मुली तर या एका कारणाने दिवसभर पाणी पीत नाहीत, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

मुलं चिडवतात, काय करू?

आधी वर्गशिक्षकांना सांगा की वर्गाशी मोकळं बोला, "तो आजारी आहे, दया करा" असं नको, "त्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, तू गर्दीत धक्का दिलास तर तो ओरडेल" असं साधं सांगितलं की पोरांना पटकन कळतं. मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर मुद्दाम अपमान केला तर २०१६ च्या कायद्यात कलम ९२ आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. पोरांवर कलमं लावायला जाऊ नका. आणि उलटंही होतं, अति काळजी, त्याचं दप्तर दुसरेच भरतात, डबा दुसरेच उघडतात, त्याला काही करूच देत नाहीत. आमच्याकडे दोन मुली होत्या तशा, त्यांना समजवायला मला चिडवणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

आम्ही अमेरिकेतून परत येतोय, तिकडचा आयईपी इथे चालेल का?

तिकडे १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक अशा मुलाचा लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजेच आयईपी, असतो आणि तो पाळणं शाळेवर बंधन असतं. इथे तशी ताकद त्या कागदाला नाही, पण फेकू नका. त्यातली दोन पानं मराठीत साध्या भाषेत काढा, मुलाला काय येतं, काय केलं की बिथरतं, काय केलं की शांत होतं, आणि वर्गशिक्षकांच्या हातात द्या. चाळीस पानं दिलीत तर कपाटात जातील. आणि तिकडची तुलना रोज शाळेत जाऊन ऐकवू नका प्लीज, आमच्या ओळखीच्या एका घराचं त्यावरूनच बिनसलं.

तक्रार करायची तर कुठे?

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, सगळं लेखी आणि तारखेसह. तरी नाही हललं तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त, तिथे साध्या अर्जावर तक्रार घेतात, वकील लागत नाही. कायदा मोडला तर पहिल्या वेळेस दहा हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख दंड आहे. पण मूल रोज त्याच वर्गात बसणार आहे हे डोक्यात ठेवून पायरी चढा, मी एकदा रागात थेट वर गेले होते आणि पुढचे चार महिने शाळेत माझ्याशी फक्त "नमस्कार" एवढंच बोलणं होतं.

तुमचा मुलगा आता कितवीत?

नववीत. मराठीत बरा, भूगोलात नकाशे पाठ, गणिताचं विचारू नका. शाळेत आता इलेक्ट्रिक बेल बसवलीय, टायमरवर आपोआप वाजते, त्यामुळे मामांच्या हाताचं काम संपलं होतं. पण ती बेल दोन मिनिटं पुढे आहे आणि हे सगळ्या शाळेत फक्त याच्या लक्षात आलं. आता वाजायच्या आधी हाच खिडकीतून मामांना हात दाखवतो आणि मग दोघं मिळून कान झाकतात.